काट्यानं टाचलेली डायरी

१

चिंचबोरीच्या शिवारात शेतकी खात्याचं एक बी-गोदाम होतं. गावापासून अर्ध्या मैलावर, माळाच्या कडेला. चार वर्षांपूर्वी तिथं रखवालदार असे, पाण्याचा रांजण भरलेला असे, दारापुढं नव्या वाणाची ज्वारी डुलत असे. मग काटकसरीचा हुकूम आला. रखवालदार गेला, रांजण फुटला, आणि गोदामाकडं जाणारी पायवाट गवतानं झाकून टाकली.

एकवीस एप्रिलला, गुरुवारी सकाळी, एका मेंढपाळाचा कुत्रा त्या दारापुढं उभा राहिला तो हलेचना. मेंढपाळानं दार ढकललं आणि तसाच मागं सरून गावाकडं पळाला.

आत संगप्पा पडला होता. शेतकी खात्याचा फिरता कामदार. बी कोणतं पेरावं, बांध कुठं घालावा, हे गावोगाव हिंडून सांगणारा. हात दाराकडं लांब केलेला, हातापासून वीतभर अंतरावर रिकामा तांब्या. डोक्याला खोक पडलेली, रक्त केव्हाच वाळून काळं झालेलं.

डॉक्टर म्हणाले, "ह्या उन्हात काय सांगणार? चार दिवसांपूर्वी गेला असेल, पंधरा दिवसांपूर्वीही गेला असेल."

पण सोलापूरच्या शेतकी कचेरीत ह्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. आदल्याच दिवशी, बुधवारी, संगप्पाची आठवड्याची डायरी दाखल झाली होती. सोमवारपर्यंत तो कुठं होता आणि काय करत होता, ते सगळं तीत ओळीनं लिहिलेलं होतं.

शेवटची ओळ अशी होती: 'सोमवार, १८ एप्रिल. चिंचबोरी. मल्लप्पा याच्या शेतात दोन बैलजोड्या लावून बांध घालण्याचे प्रात्यक्षिक केले.'

मल्लप्पा म्हणजे संगप्पाचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. सहा महिन्यांपूर्वी ह्याच मल्लप्पानं चावडीसमोर चारचौघांत ओरडून सांगितलं होतं, "पुन्यांदा माझ्या शिवारात पाय ठिवलास तर जित्ता जाणार न्हाईस!"

शुक्रवारी मल्लप्पाच्या हातात बेड्या पडल्या.

२

यशोदाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. सोलापूरच्या कसब्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि भिंतीला भिंत लागून संगप्पाचं. चैत्र लागला की त्यांचं उदकदानाचं व्रत सुरू होई. रोज सकाळी कुणा तहानलेल्याला घागरभर पाणी दिल्याशिवाय स्वतःच्या तोंडात थेंब घालायचा नाही. शिवाय बारा महिने सोमवारी उपास आणि दिवेलागणीपर्यंत मौन. शाळेतल्या मुली सोमवारची वाट पाहात. त्या दिवशी बाई रागावल्या तरी पाटीवर रागावत.

शनिवारी सकाळी पाण्याचा गाडीवाला शिवप्पा घागरी ओतता ओतता हळूच म्हणाला, "बाई, दोन घागरी जादा भरून ठिवा. परवा सोमवार हाय. आमची गाडी न्हाई."

"ठाऊक आहे रे. दर आठवड्याला सांगतोस."

"सांगावं लागतं की. बैलास्नी कॅलेंडर वाचता येत न्हाई, आन् माणसं वाचून इसरत्यात."

एरवी यशोदाबाई हसल्या असत्या. आज शेजारच्या दाराकडं पाहून त्यांनी घागर उचलली आणि जगदेवीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

जगदेवी खांबाला टेकून बसली होती. रडून रडून आवाज उरला नव्हता.

"बाई, नवरा तर गेला. आता अण्णाला बी नेतील. माझ्या माहेरात त्यो एकटाच हाय. त्याला फाशी दिली तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

"मल्लप्पानं केलं असेल असं तुला वाटतं?"

"अव्वा! त्यो तोंडाचा तापट हाय. मुंगी दिसली तर औत वळवतो त्यो." ती थांबली. मग भिंतीकडं बघत म्हणाली, "तेरा तारखेला मी कचेरीत गेले होते, बाई. मनाला चैन पडंना. कारकूनदादा म्हणाले, आजच डायरी आली, खुशाल हायेत. मी तशीच सिद्धेश्वराला गेले, नारळ फोडला. आता मला सांगा, ज्या माणसाची खुशाली येत होती, त्यो असा वाळून कसा गेला?"

यशोदाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं.

३

फौजदार गोपाळराव यशोदाबाईंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. दुपारी तो आला, टोपी काढून जमिनीवर बसला.

"मावशी, मला ही केस सोपी वाटायला हवी. वाटत नाही."

"मग मला मल्लप्पाशी बोलू दे."

कोठडीच्या गजांमागं मल्लप्पा उकिडवा बसला होता. रुंद हाडांचा, कपाळावर भस्म.

"म्हणलो होतो, बाई," तो आपणहून म्हणाला. "जित्ता जाणार न्हाईस म्हणलो होतो. खोटं कशाला बोलू? त्यानं माझ्या रानात सरकारी बांध घातला. परतीच्या पावसात बांध फुटला, खालच्या माणसाचं पीक व्हावून गेलं. गावानं मला धरलं. मी त्याला धरलं."

"त्यानंतर तो आला होता?"

"त्यो आलाच न्हाई. ह्या सोमवारी न्हाई, गेल्या सोमवारी न्हाई. लिवलंय म्हनत्यात. लिवलंय तर आला असंल, असं म्हनत्यात! माझ्या डोळ्यापरीस कागदाला जास्त दिसतं व्हय?"

"आणि गोदामाकडं तुम्ही कधी गेलात?"

मल्लप्पानं मान खाली घातली. "न्हाई गेलो. रागानं न्हाई गेलो. माझ्या बांधावरनं त्याचं दार दिसतंय, बाई. पंधरा दिस मी मुद्दाम तिकडं पाठ करून भाकर खाल्ली."

एवढं बोलून त्या धिप्पाड माणसानं डोक्याचं मुंडासं सोडून तोंडावर घेतलं. बाहेर आल्यावर गोपाळराव पुटपुटला, "खून केलेला माणूसही असाच रडतो, मावशी."

"रडतो. पण पाठ करून भाकर खाल्ल्याचं तो सांगत नाही."

४

शेतकी कचेरीत शिरताच कागदाचा वास आला, जुन्या गोणपाटासारखा. टेबलांवर कागद, खुर्च्यांवर कागद, खिडकीच्या कट्ट्यावर कागद. सहा खुर्च्यांपैकी दोनच रिकाम्या ठेवलेल्या, म्हणजे माणसाला बसण्याजोग्या.

शिपाई येडू सांगोल्याकडचा. त्यानं एक गठ्ठा उचलून बाईंना जागा केली. "बसा जी. आमच्या सांगोल्यात पाऊस पडत न्हाई. हितं कागद पडतोय. त्यो तिकडं पडला असता तर मेंढरांनी तरी खाल्ला असता."

"येडू!" आतून आवाज आला.

ओव्हरसियर मुकुंदराव बाहेर आले. पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. फौजदाराबरोबर एक बाई पाहून ते गोंधळले. पण मयताच्या बायकोला अक्षर वाचता येत नाही, तिच्या वतीनं शेजारीण आली आहे, हे गोपाळरावानं सांगताच त्यांनी मान हलवली.

"काय विचारायचं ते विचारा. पाच कामदार होते माझ्याकडे. एक उरला होता, आता तोही नाही. तीन तालुके! आणि पुण्याच्या बड्या ऑफिसला महिन्याला अठरा रिटर्न. किती शेतकऱ्यांना सल्ला दिला, किती एकर, किती पत्रकं वाटली. बाई, मी स्वतः गेल्या पावसाळ्यानंतर एका शेतात उभा राहिलो नाही. मी शेतकीचा माणूस. मला आता ज्वारीचा आकडा माहीत आहे, ज्वारी आठवत नाही."

"संगप्पाची डायरी कशी येई?" यशोदाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"ते वेणीमाधव सांगतील."

हेडक्लार्क वेणीमाधव कोपऱ्यातल्या टेबलामागं होते. बारीक, नीटनेटके, बोटांना शाईचे डाग. त्यांची मुलगी लीला यशोदाबाईंच्याच वर्गात. उठून त्यांनी नमस्कार केला.

"संगप्पाला इंग्रजी येत नसे, बाई. तो पेन्सिलीनं मराठीत चिठ्ठी लिहून टपालानं पाठवायचा. दर बुधवारी मला मिळे. मी फॉर्मवर दोन प्रतींत इंग्रजीत उतरवून काढी, इथल्या प्रतीमागं चिठ्ठी टाचून ठेवी. साहेब सही करीत. संध्याकाळच्या टपालानं रिटर्न पुण्याला."

"आणि नाही मिळाली तर?"

वेणीमाधवांनी एकदा साहेबांकडं पाहिलं. "एक डायरी कमी असली तर अख्खा रिटर्न परत येतो. शेरा येतो, ह्या कामदाराला काम नसल्यास जागेचा फेरविचार व्हावा."

"म्हणजे जागाच जाते," मुकुंदराव कडवट हसले.

यशोदाबाईंनी डायऱ्यांची फाईल मांडीवर घेतली. प्रत्येक फॉर्ममागं चतकोर घडीची एक चिठ्ठी होती, आणि टाचणीऐवजी बाभळीचा पांढरा काटा.

"टाचण्या काटकसरीत गेल्या," येडूनं खुलासा केला. "संगप्पा चिठ्ठीला काटा लावूनच धाडायचा. म्हणायचा, रानातला पगारी शिपाई हाय त्यो."

बाईंनी एक चिठ्ठी वाचली. चार एप्रिलला संपणारी, शेवटून तिसरी. वळणदार, गिरवून लिहिलेलं अक्षर. 'मंगळवार. बोरगावी बी दाखवले. बुधवार. दोन मैल चालून बांध पाहिला, फुटला आहे. गुरुवार. पत्रके वाटली, वाचणारा एकच. शुक्रवार. पाय दुखतो. शनिवार. औत चालवून दाखवले. रविवार. बाजारात बसलो, आठ जणांनी विचारले. सोमवार. औत बंद. गोदाम झाडले.'

त्यानंतरच्या दोन डायऱ्या बाईंनी उलटल्या. अकरा एप्रिलला संपणारी, आणि अठराला संपणारी. ह्या दोन्हींना पितळेची टाचणी होती. मागं चिठ्ठी नव्हती.

"ह्यांच्या चिठ्ठ्या?"

"गहाळ झाल्या असतील. ह्या गर्दीत..." वेणीमाधवांनी हात फिरवला.

त्या हातामागं भिंतीवर एक फळी होती. फळीवर पाकिटांचे चार गठ्ठे, लाल फितीनं बांधलेले, बंदच्या बंद. तीन गठ्ठ्यांवर बोटभर धूळ. चौथ्यावर धूळ नव्हती. फीत सोडून कुणीतरी पुन्हा बांधली होती.

यशोदाबाईंनी ते पाहिलं, पण त्यातून काय घ्यायचं ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही.

५

रविवारभर त्या दोन पितळी टाचण्या त्यांच्या मनात टोचत राहिल्या. पोथी वाचताना ओळ चुकली, ती पुन्हा वाचली, पुन्हा चुकली. चिठ्ठ्या गहाळ होऊ शकतात. टाचणी कुणाच्याही टेबलावर असू शकते. तेवढ्यावर एखाद्याच्या गळ्यातला फास सुटत नाही.

सोमवार उजाडला. बाईंचं मौन सुरू झालं. स्नान करून त्यांनी पाण्याची कळशी पाहिली, ती अर्धी होती. शनिवारी जादा भरलेल्या दोन घागरी जगदेवीकडं येणाऱ्या माणसांना पुरल्या होत्या. व्रताचं पाणी तरी हवं. मौनाच्या दिवशी लागणारी पाटी पिशवीत टाकून, रिकामी घागर घेऊन त्या तळ्याकडं निघाल्या.

वाटेत शिवप्पाचं घर. दारात पाण्याची गाडी जू खाली टेकून निवांत उभी. बैल धुऊन काढलेले, कपाळाला भस्माची बोटं. शिवप्पा त्यांना गूळ चारत होता.

"बाई, आज तुमाला तरास. पर काय करणार? बसवण्णाचा वार. आज ह्यांच्या मानंवर जू ठिवलं तर आमचा बाप सपनात येऊन जोड्यानं मारंल. आमच्यात कुणीच ठिवत न्हाई. सोलापुरात न्हाई, मोहोळात न्हाई, कुटंच न्हाई."

यशोदाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. हातातली घागर निसटून दगडावर आपटली.

*सोमवार. औत बंद. गोदाम झाडले.*

मल्लप्पाच्या कपाळावर भस्म होतं. संगप्पाही बसवण्णाच्या त्याच पंथातला. आणि कागद म्हणत होता की सोमवारी, मल्लप्पाच्या रानात, दोन बैलजोड्या जुंपून, संगप्पानं बांध घातला!

त्यांनी चेपलेली घागर तिथंच सोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सोमवारी भर उन्हात धावत फौजदाराच्या कचेरीत गेल्या. गोपाळरावानं विचारलं, "मावशी, काय झालं?" त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं: *त्या सोमवारी संगप्पा नव्हता. ज्यानं डायरी लिहिली त्याला बैलांचा वार ठाऊक नाही. चल.*

६

शेतकी कचेरीत सगळेच होते. मुकुंदराव, वेणीमाधव, दारात येडू, आणि फळीवरचे ते गठ्ठे धरले तर तेही.

गोपाळरावानं फाईल उघडून टेबलावर ठेवली. यशोदाबाई वेणीमाधवांच्या समोर बसल्या. नुसत्या पाहात राहिल्या.

वेणीमाधव म्हणाले, "बाई, लीलाचं गणित कच्चं आहे का?" गोपाळराव फाईलीची पानं उलटत राहिला. "उकाडा फार आहे आज." पंख्याची दोरी ओढायला माणूस नव्हता, पंखा लोंबत होता. "मी मघाशी शोधल्या त्या चिठ्ठ्या. सापडल्या नाहीत. वाळवी लागली असेल."

बाईंनी पाटीवर लिहिलं: *काट्याचं भोक मोठं असतं. ह्या दोन फॉर्मांना ते भोक नाही.*

गोपाळरावानं फॉर्म उजेडासमोर धरले. जुन्या प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात दाभणानं पाडावं तसं छिद्र होतं. शेवटच्या दोन्हींत नुसता टाचणीचा ठिपका.

"चिठ्ठी गहाळ झाली नाही," गोपाळराव सावकाश म्हणाला. "चिठ्ठी आलीच नाही."

बाईंनी पुसून पुन्हा लिहिलं: *तीन वर्षांतला प्रत्येक सोमवार काढा.*

गोपाळराव वाचत गेला. औत बंद. औत बंद. गोदाम झाडले. औत बंद, बियाणे उन्हात घातले. दारातून येडू म्हणाला, "बंद असणारच की! सोमवारी जू कोन ठिवंल? हे काय इचारायचं झालं?"

"तू कधी बोलला नाहीस!" मुकुंदराव ओरडले.

"मला कोन वाचून दाखवतंय सायेब? मी नुस्ता वाहतो."

वेणीमाधवांचा चेहरा कागदासारखा झाला होता. तीन वर्षं, दर बुधवारी, त्यांनीच तो सोमवार इंग्रजीत उतरवून काढला होता. उतरवला होता. वाचला नव्हता.

"मी लिहिली," ते म्हणाले. इतक्या हळू, की पुन्हा म्हणावं लागलं. "मी लिहिली. चिठ्ठी आली नाही. रिटर्न अडला असता. त्याचा महिन्याचा कार्यक्रम माझ्यापाशी होता, कुठल्या दिवशी कुठलं गाव. त्यावरून लिहिली. शिव्या द्या मला, पण त्याची जागा वाचावी म्हणूनच लिहिली! पूर्वीही दोनदा लिहिली होती, त्याला सांगून. दुसऱ्या बुधवारी सवयीनं लिहिली."

"आणि सही?" गोपाळराव मुकुंदरावांकडं वळला.

"मी केली. वाचली नाही. दिवसाला साठ सह्या..."

"त्याची बायको तेरा तारखेला इथं आली होती. खुशाल आहे, कुणी सांगितलं?"

वेणीमाधवांनी डोळे मिटले.

यशोदाबाई उठल्या. फळीपाशी गेल्या आणि तो चौथा, धूळ नसलेला गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला.

"हे काय?" गोपाळरावानं विचारलं.

उत्तर येडूनं दिलं. "आल्यालं टपाल जी. मी आणून देतो, दादा बांधून ठिवत्यात."

"न उघडता?"

"उघडलं की त्याच दिवशी नोंद करावी लागते," वेणीमाधव म्हणाले. ते आता कुणाशी बोलत नव्हते. "नोंद झाली की सात दिवसांत उत्तर. उत्तर गेलं नाही की थकबाकीचा तक्ता. तो तक्ता करायलाही मीच. न उघडलेल्या टपालाची कुठे नोंद नसते. ओळखीची लांब पाकिटं तेवढी मी फोडतो, कामदाराची, मामलेदाराची. बाकीचं... सवड झाली की..."

यशोदाबाईंनी फीत सोडली. वरून पाचवंच पाकीट. घरी चिकटवलेलं, जुन्या पत्रकाच्या कागदाचं. त्याच्याजवळ सरकारी पाकीट उरलं नसावं. मोहोळचा शिक्का, सात एप्रिल. पत्त्याचं अक्षर वळणदार, गिरवून लिहिलेलं.

पाटीवर त्यांनी एकच ओळ लिहिली आणि वेणीमाधवांकडं फिरवली: *हे तुम्ही कधी पाहिलंत?*

"गुरुवारी," ते म्हणाले. "तो सापडल्यावर. मी गठ्ठा सोडला. अक्षर ओळखलं. आणि पुन्हा बांधला."

"उघडलं का नाही?"

"कुठल्या तारखेची नोंद केली असती?"

गिरणीचा भोंगा दूर कुठं झाला आणि विरून गेला.

"माणूस कोठडीत होता, वेणीमाधव!" मुकुंदराव म्हणाले.

"सुटेल असं वाटलं. पुरावा नाही, सुटेल. मला मुलगी आहे, साहेब."

गोपाळरावानं पाकीट फोडलं. आत एक चिठ्ठी, चतकोर घडी, कोपऱ्याला बाभळीचा काटा. त्यानं ती मोठ्यानं वाचायला घेतली.

'साहेबांचे सेवेशी. बुधवार, ता. ६. सोमवार रात्रीपासून ताप आहे. चिंचबोरीच्या गोदामात पडून आहे. काल पाण्यासाठी उठलो, घेरी येऊन उंबऱ्याच्या दगडावर पडलो, डोक्यास लागले. रक्त थांबले. चालवत नाही. ही चिठ्ठी मेंढरे घेऊन जाणाऱ्या बाईच्या हाती देत आहे. तिने तांब्याभर पाणी दिले, ते आज पुरेल. मल्लप्पाचे शेत दारातून दिसते. हाक मारली, पण तो पाठ करून बसला होता. ऐकू गेले नसेल. त्याच्यावर राग नाही. कृपा करून येडूला पाठवावे. रजा मागत नाही, फक्त माणूस पाठवावा. ह्या आठवड्याची डायरी लिहिता येत नाही, त्याबद्दल माफी असावी.'

येडू दारातच खाली बसला. "चौदा मैल हो," तो म्हणाला. "चौदा मैल. मी चालत गेलो असतो. दोन डाव गेलो असतो."

७

मल्लप्पा दुपारी सुटला. चिठ्ठी त्याला गोपाळरावानं वाचून दाखवली, सगळी. दाखवायला नको होती, असं गोपाळराव नंतर मावशीला म्हणाला. मल्लप्पानं ऐकून घेतलं, कोठडीचा उंबरा ओलांडला, आणि बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन बसला. मोठ्या मिनतवारीनं त्याला उठवावं लागलं.

दिवेलागणीला यशोदाबाईंनी समई लावली. मौन सुटलं. त्या तशाच शेजारी गेल्या.

जगदेवी दारात बसली होती. मल्लप्पा आत, भिंतीकडं तोंड करून. बाई येताहेत तोच गल्लीतून येडू आला. त्याच्या हातात कागद होता. अजून एक.

"माफ करा जगूबाई," तो म्हणाला. "सायबांनी धाडलंय. सायेबांची बी बदली व्हनार, चौकशी लागलीया. पर ह्यो फारम आजच पुण्याला जायचा. कामदार मयत कवा झाला, त्याची तारीख लागतीया. अठरापातुरच्या डायऱ्या वरती पोचल्यात, मंजूर झाल्यात, त्या आता फिरत न्हाईत. तवा सायेब इचारत्यात... एकोणीस एप्रिल घातली तर तुमची काय हरकत हाय का? हितं अंगठा लागंल."

जगदेवीनं कागदाकडं पाहिलं. मग यशोदाबाईंकडं.

"बाई, मी तेराला नारळ फोडला. तवा ते होते का?"

वीस वर्षांच्या व्रतात यशोदाबाई खोटं बोलल्या नव्हत्या. खरं त्यांना ठाऊक नव्हतं. ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं, फौजदाराला नव्हतं, आणि ज्या एका कागदात असायला हवं होतं, तो कागद लिहायला संगप्पाला शक्ती उरली नव्हती.

"मला ठाऊक नाही, जगदेवी," त्या म्हणाल्या. दिवसभरातला तो त्यांचा पहिला शब्द.

जगदेवीनं येडूच्या हातातला फॉर्म घेतला. अंगठा लावला नाही. त्याची चतकोर घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"सायबाला सांग, एकोणीस घाला, न्हाईतर कायम जित्ता ठिवा. तुमच्याकडं जित्ता ऱ्हायला माणूस लागत न्हाई." मग ती उंबऱ्यावरून उठली. "फकस्त एवडं इचार, येडूदादा. त्या चिठ्ठीनंतर कागदावर ते बारा दिस जगले. त्या बारा दिसांत कागदावर तरी कुणी त्यांना पाणी दिलं का?"

आत मल्लप्पा उठला. भिंतीशी जगदेवीची पाण्यानं भरलेली घागर होती, ती त्यानं उचलून खांद्यावर घेतली, आणि कुणाशी न बोलता चिंचबोरीच्या वाटेला लागला. बैल नव्हते, गाडी नव्हती. सोमवार होता.